तक्रार नाही

“पण मी का नाही, बाई?”

मिहिरने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी त्याचा आवाज चढला होता.

घाटाखालच्या त्या छोट्या रुग्णालयात वसुधाबाई तरुण डॉक्टरांना वर्षभर ठेवून घेत आणि आडगावांत काम करण्यासाठी तयार करत. वर डोंगरातल्या अकरा वाड्यांसाठी नवा दवाखाना सुरू व्हायचा होता. तो कोणावर सोपवायचा, हे बाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं. डॉक्टर तृप्ती आवटीवर.

मिहिर शिरोळकर विद्यापीठात पहिला आलेला. तृप्ती जेमतेम पास झालेली. गेले आठ महिने मिहिर तिच्यावर जळत होता. तिच्या दाराशी रांग दिसली की त्याला जेवण गोड लागत नसे. हे त्याला स्वतःलाही आवडत नव्हतं, पण जळणं काही थांबत नव्हतं.

“एक कारण दाखवा. नाहीतर दुपारच्या एसटीने मी निघालो. बॅग भरलेली आहे.”

बाईंनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. मिहिर बसला नाही.

“ती इथली असती तर समजलं असतं. ती सांगलीची! इथल्या लोकांची बोली तिला अजून धड कळत नाही.”

“नाही कळत,” बाई म्हणाल्या. “मग ती पुन्हा विचारते.”

मिहिरने केसपेपरचे दोन गठ्ठे टेबलावर आदळले.

“हे माझे. बघा. ‘तक्रार नाही.’ ‘तक्रार नाही.’ आणि हे तिचे. पोटात आग, झोप नाही, गोळीने उलटी, सासू दवाखान्यात येऊ देत नाही... पानंच्या पानं! माझी माणसं बरी होतात. तिची रडत बसतात. आणि दवाखाना तिला?”

“चल,” बाई म्हणाल्या.

दोघं वॉर्डात गेले. ते दिसताच खाटांवर चुळबुळ झाली. जो तो उठू लागला.

पहिल्याच खाटेवर धावजी मेंगाळ होता. त्याच्या पायाला जखम होती आणि ती तीन आठवडे भरत नव्हती. त्याने खाटेचा दांडा धरला आणि तो त्याच पायावर भार देत उभा राहिला. डोक्यावरची टोपी नीट केली.

“कसं काय, धावजी?” मिहिरने विचारलं.

“बरं हाये, सायेब.”

“गोळ्या घेतोस ना?”

“घेतो ना, सायेब.”

मिहिरने बाईंकडे पाहिलं. बाई त्याला खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. धावजी टेकला.

थोड्या वेळाने तृप्ती आली. खिडकीकडे तिचं लक्ष नव्हतं. ती सरळ धावजीच्या खाटेच्या कडेला बसली.

धावजी उठला नाही. तिला जागा व्हावी म्हणून त्याने कुरकुरत पाय तेवढा सरकवला.

“कुठं व्हतीस गं? सकाळधरनं पाय ठणकतोय माझा.”

“आणि ती लाल गोळी?”

“ती? ती मी टाकून देतो. पोटात ठरतच नाही.”

“कधीपासून?”

“पयल्या दिसापासून.”

तृप्ती हसली. तिने कपाळाला हात लावला आणि ती लिहायला लागली. धावजी आणखी बरंच काही सांगत होता. रानातल्या पाल्याचा लेप लावल्याचंही त्याने सांगितलं.

मिहिरच्या हातात धावजीचा सकाळचा कागद होता. ‘तक्रार नाही’, त्याच्याच सुंदर अक्षरात. त्याने तो दुमडला.

तृप्ती पुढच्या खाटेकडे गेली. तिथली म्हातारीही आडवीच राहिली.

“हे मला कधी जमेल?” मिहिर हळू आवाजात म्हणाला.

बाई अजून धावजीकडेच पाहत होत्या.

“रागावू नका बाई, पण तुम्हाला नाही कळायचं. इथे सगळे तुम्हाला देवासारखं मानतात. कोणाचा हेवा वाटणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं कळणार...”

बाई खिडकीपासून निघाल्या आणि धावजीच्या खाटेपाशी गेल्या.

धावजीने लगबगीने पाय खाली सोडले. दांडा धरून तो पुन्हा उभा राहिला.

“पाय कसा आहे रे?”

“बरं हाये, बाई.”

बाईंनी पुढच्या खाटेपाशी बसलेल्या तृप्तीकडे पाहिलं आणि मग त्या मिहिरकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“एकतीस वर्षं झाली मला इथे.”