भगीरथ रिक्वायरमेंट आणतो

एका तालुक्याच्या गावात एक भोळा इंजिनियर राहत होता. नाव भगीरथ. गावातल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो कामाला होता. काम सोपं होतं. गिऱ्हाईकाकडे जायचं, त्याला काय हवंय ते ऐकायचं आणि नीट लिहून आणायचं. ऑफिसात त्या लिहून आणण्याला रिक्वायरमेंट म्हणत.

गावात हणमंतअप्पा तोडकरांचा बँड होता. लग्नाच्या वराती तेच वाजवत. सीझनला तारखांचा नुसता घोळ व्हायचा, म्हणून अप्पांना बुकिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं. कंपनीच्या मालकीण वैजयंती मॅडम भगीरथाला म्हणाल्या, "अप्पा बोलतील तो शब्द न शब्द लिहून आण."

भगीरथ गेला. अप्पा ओट्यावर बसून सांगू लागले.

"बुकिंगची तारीख दिसली पाहिजे. वरात कुठनं कुठं ते दिसलं पाहिजे. अगं ए, ही म्हैस बघ ढोल चाटतीय! हाकल तिला!"

भगीरथाने शब्द न शब्द लिहिलं. ऑफिसातल्या मंडळींनी तसंच्या तसं बनवलं. पडद्यावर तीन बटणं आली. तारीख. वरात. म्हैस हाकला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, अप्पा मध्येच दुसऱ्याशी बोलतात ते लिहायचं नसतं! तुझ्याशी बोलतील तेवढंच लिही."

"माझंच चुकलं," भगीरथ म्हणाला. "माझं डोकं असंच आहे मॅडम. एका वेळी एकच सूचना मावते. नवी आली की जुनी बाहेर पडते."

तो पुन्हा गेला. अप्पा म्हणाले, "तारखांचं खरं गणित आमच्या हिच्या डोक्यात." त्यांनी बायकोला, यमुनाकाकूंना, हाक मारली. "अगं, एका मुहूर्तावर दोन वराती आल्या तर आपण काय करतो?"

काकूंनी पदर खोचला आणि सगळं सांगितलं. कुणाला आधी द्यायचं, कुणाला दुसरा बँड बघून द्यायचा, तारीख कशी अडवून ठेवायची. अप्पा हं हं करत होते. भगीरथाने पेनाला टोपण लावलं. नवराबायको एकमेकांशी बोलत होते. ऐकत बसणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने तोंडही भिंतीकडे फिरवलं.

ऑफिसात त्याने कोरा कागद मॅडमपुढे ठेवला.

"माझ्याशी कुणी बोललंच नाही," तो म्हणाला.

"मग आपण विचारायचं! काहीही गृहीत धरायचं नाही. कशासाठी, कसं, नाही झालं तर काय, सगळं विचारायचं!"

तो पुन्हा गेला. ओट्यावर एका मुलीचे वडील बँड ठरवायला आले होते. भगीरथ त्यांच्याशेजारी बसला.

"लग्न कशासाठी करताय?"

"म्हणजे?"

"गृहीत धरायला नको म्हणून विचारतो. नवरदेव नक्की येणार का?"

"अहो, काय बोलताय!"

"आणि नाही आला, तर वरात मोकळ्या घोड्याची काढायची का?"

मुलीच्या वडिलांनी चपला घातल्या आणि ते दुसऱ्या बँडवाल्याकडे निघून गेले.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी बसल्या जागी पाणी मागवलं. "आता तोंड उघडू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसतं बघ. त्यांचं काम चालू असताना मागे उभं राहायचं आणि मध्ये पडायचं नाही."

तो वरातीत गेला. पुढे अप्पांचा बँड, मागे घोड्यावर नवरदेव. चौकात बँड डावीकडे वळला, घोडा उजवीकडे वळला. सगळे वऱ्हाडी नाचत नाचत घोड्यामागे गेले. भगीरथ बँडमागे गेला. त्याने लिहिलं, 'बँड डावीकडे. नवरदेव उजवीकडे.' बँड वाजत वाजत पार नदीवर पोचला. अप्पांनी मागे वळून पाहिलं, तर वरातीत एकटा भगीरथ.

"नवरदेव कुठाय?" अप्पा ओरडले.

भगीरथाने तोंड उघडलं नाही. वही पुढे केली.

"हे शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "अप्पांना काय पाहिजे ते सरळ विचार. सगळं कागदावर घे. त्यांची सही घे, माझी घे. सही झाली की एक अक्षर बदलायचं नाही. हे चुकलं तर घरी बसायचं."

नोकरी गेली तर आपल्यासारख्याला दुसरी कुणी देणार नाही, हे भगीरथाला पक्कं ठाऊक होतं.

"अप्पा," तो हात बांधून म्हणाला, "तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

अप्पा अजून धुमसत होते. "काय पाहिजे? तुमच्या ऑफिसचा बँड वाजवला पाहिजे!"

भगीरथाचा चेहरा उजळला. इतकं स्पष्ट त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"कधी?"

"उद्या! सगळे कामाला बसले की!"

"किती माणसं?"

"आहेत तेवढी सगळी!"

"कुठपर्यंत वाजवायचा?"

"तुमची मॅडम हात जोडेपर्यंत!"

"इथं सही करा."

अप्पांनी रागारागात सही ठोकली. भगीरथाने ते सगळं सुबक टाइप केलं, वर समास सोडला, कलमांना आकडे घातले. मॅडमनी पाहिलं. कागद स्वच्छ होता, खाली अप्पांची सही होती. असले कागद वाचून सही करायची कुठल्याच ऑफिसात पद्धत नसते. मॅडमनीही न वाचताच सही केली आणि म्हणाल्या, "शाब्बास!"

सकाळी भगीरथाने कागद अप्पांना नेऊन दिला. अप्पांचा राग तोवर उतरला होता. पण कागदावर मॅडमची सही होती.

"ऑर्डर आहे म्हटल्यावर जायला पाहिजे," ते म्हणाले आणि त्यांनी लाल कोट चढवला.

सगळे कामाला बसले आणि दारातून बँड आत आला. ढोल, झांज, ट्रंपेट, क्लॅरिओनेट. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मॅडम दोन्ही हातांनी कान दाबून आपल्या खोलीतून बाहेर धावल्या.

"बंद करा! बंद करा!"

"मॅडम, कान सोडा!" भगीरथ त्यांच्या कानाशी ओरडला. "हात जोडा! कलम चार! तुमचीच सही आहे!"

मॅडमनी हात जोडले. त्यासरशी बँड थांबला. भगीरथाचे डोळे भरून आले. जसं लिहिलं, तसंच्या तसं झालं होतं.

"अगदी बरोबर चालतंय," तो म्हणाला. "अप्पा, खात्री करून घेऊ. पुन्हा एकदा पहिल्यापासून!"