निसटणारा जंतू

खाडीकाठच्या एका लहान रुग्णालयात एकदा चांगुणा नावाची कोळीण आपल्या चार वर्षांच्या मुलीला, रेवतीला, उचलून घेऊन आली. रेवतीचा हा वर्षभरातला तिसरा न्यूमोनिया होता. तिथले वृद्ध डॉक्टर आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी ऋजुता यांनी उपचार तत्काळ सुरू केले. परंतु दोन दिवस उलटले तरी ताप हटेना. श्वास घेताना मुलीच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत. ऋजुता पुन्हा पुन्हा तिचे श्वास मोजी आणि दर वेळी आकडा थोडा वाढलेलाच असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शहरातून रक्ताचा एक अहवाल आला. तो वाचून डॉक्टरांनी चालू औषध तसेच ठेवले आणि प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीजची, एक बाटली आणायला शहरात गाडी धाडली.

ऋजुताला राहवेना. “सर, त्या बाटलीत जंतू मारणारं औषध नाही. आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तर हिच्या रक्तात भरपूर आहेत. आपण वेळ तर घालवत नाही ना?”

ते ऐकून चांगुणाचा चेहरा उतरला. “डॉक्टर, माझी पोर वाचंल ना?”

वृद्ध डॉक्टर तिच्या शेजारी बाकावर बसले. “काळजी मलाही वाटते. चांगुणाबाई, जिवंत वाम मासळी तुम्ही कशी धरता?”

“राख टाकून. नुसत्या हातानं कितीबी जोर लावा, सुळकन निसटते.”

“हिच्या छातीतल्या जंतूंवरही तसंच बुळबुळीत आवरण आहे.” मग ते ऋजुताकडे वळले. “पेशी त्यांना गिळायला धावतात, पण पकड बसत नाही. प्रतिपिंडाचं एक टोक जंतूला चिकटतं, दुसरं पेशीच्या हाती लागतं. मगच ती त्याला गिळू शकते. हिच्या शरीरात प्रतिपिंडं जवळजवळ तयारच होत नाहीत, असं हा अहवाल सांगतो. पेशी थोड्या नाहीत, ऋजुता. त्या एकट्या पडल्या आहेत.”

ऋजुता बाटली लावायची तयारी करू लागली.

दुपारी गाडी आली. बाटलीतले थेंब संथपणे उतरत राहिले. संध्याकाळी ऋजुताने श्वास मोजले. आकडा तोच होता. खात्री करण्यासाठी तिने पुन्हा मोजले. दुसऱ्या दिवशी तो चारने उतरला. त्याच्या पुढच्या दिवशी ताप गेला आणि रेवतीने पेज मागितली.

“ही बाटली आता दर महिन्याला द्यावी लागेल,” डॉक्टर म्हणाले.

“ही कशापासून बनते, डॉक्टर?” चांगुणाने विचारले.

“माणसांनी दिलेल्या रक्तातून.”

“कोण माणूस? नाव सांगा, पाया पडून येते.”

“एक नाही, हजारो आहेत. नावं मलाही ठाऊक नाहीत.”

चांगुणा खिडकीशी गेली आणि रस्त्यावरून आपापल्या कामाला निघालेल्या माणसांकडे पाहत तिने हात जोडले.