लोणपाटीवर नाव सांगायचं

हा कातळावर कोरलेला पट म्हणजे आमच्या माखणवेळचा लोणपाट. आट्यापाट्या खेळायचं मैदान. तो टेप जरा गुंडाळून ठेवा. मापं घ्यायला आलेले तुम्ही तिसरे. आधीच्या दोघांनीही मापं घेतली, फोटो काढले, चहा घेतला आणि जाताना सांगितलं की मैदान उत्तम आहे, फक्त दोन अडचणी आहेत. इथे चषक किंवा बक्षीस लावता येत नाही, ही एक. आणि शेवटच्या पाटीवर पोचलेल्या गड्याने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, ही दुसरी. एवढं बदला, मग पर्यटनाच्या यादीत घालू, म्हणाले. बदलता येत नाही म्हटल्यावर मीच आडवा पडलोय अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. म्हणून या वेळी ठरवलंय, आधी गोष्ट सांगायची, मग मापं.

मी दाजी घवाळी, या वरच्या वाडीचा. गोष्ट मला आजीने सांगितली, तिला तिच्या आजीने. साल विचारू नका. तेव्हा म्हणे या सड्यावर, या कातळाच्या पठारावर, एकही घर कौलारू नव्हतं.

आधी खेळ समजून घ्या. या नऊ आडव्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक राखणारा गडी उभा राहतो. पहिली कपाळपाटी, शेवटची लोणपाटी. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी राखणाऱ्याचा हात लागू न देता एकेक पाटी ओलांडायची. हात लागला की बाद. बाकीकडे शेवटपर्यंत जाऊन परतही यावं लागतं. आमच्याकडे नववी ओलांडून 'लोण' म्हटलं की डाव जिंकला.

आता ती कड बघा. तिथून खाली पन्नासेक पावलांवर झरा आहे. त्या काळी दोन वाड्यांना पाणी असं तेवढंच. वर आम्ही, खाली समुद्राकडे बंदरवाडी. पावसाळ्यात कोणाला काही वाटायचं नाही. पण फाल्गुन लागला की झरा करंगळीएवढा व्हायचा आणि एक घागर भरायला दोन घागरींचा वेळ लागायचा. एका वर्षी त्यावरून डोकी फुटली. तेव्हा गावकऱ्यांनी बसून ठरवलं, असं सांगतात, की शिमग्याला दोन्ही वाड्यांनी आट्यापाट्याचा एक डाव खेळायचा. जी वाडी जिंकेल तिने पाऊस पडेपर्यंत रोज आधी पाणी भरायचं. हरलेल्यांनी त्यांचं झाल्यावर. ठरवणारे सगळे पुरुष होते. पाणी भरणारं त्यांत कोणी नव्हतं.

तेव्हापासून अकरा शिमगे वरची वाडी हरली.

आमच्याकडे धाकू नावाचा गडी होता. त्याच्यासारखा चपळ माणूस पुन्हा झाला नाही म्हणतात. आठ पाट्या तो हसत ओलांडायचा. पण लोणपाटीवर बंदरवाडीचा नागोजी तांडेल उभा असायचा. वयाने धाकूपेक्षा दहा वर्षांनी मोठा, लांब हातांचा, फार न बोलणारा. धाकूने डावीकडून हूल दिली की नागोजीचा हात उजवीकडे तयार. वर्षभर धाकू वाळूत पळायचा, गुडघाभर पाण्यात उड्या मारायचा आणि शिमग्याला पुन्हा त्याच पाटीवर बाद व्हायचा. चौथ्या वर्षी त्याने ग्रामदेवतेसमोर शपथ घेतली की लोण म्हणेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. समुद्राकाठचा माणूस हे बोलतो तेव्हा त्याच्या जिवाला किती लागलं असेल बघा.

त्याची बायको आवडी. लोक धाकूची हळहळ करायचे आणि ती घागर घेऊन झऱ्याच्या वर त्या कडेला बसलेली असायची. बंदरवाडीचं भरून होईपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा. मग गढूळ तळ उरायचा, तो वाटीवाटीने भरायचा आणि तापलेल्या कातळावरून अनवाणी वर यायचं. सातव्या वर्षी तिची धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर असताना त्या चढावर घसरली. ती वाचली, पोर गेलं. त्यानंतर आवडीने नवऱ्याला एकदाच सुनावलं म्हणे, "मासळी तुम्ही सोडलीत. पाणी आम्ही सोडायचं का?"

बाराव्या शिमग्याला महिनाभर असताना धाकू बंदराच्या पायवाटेने खाली चालला होता. समोरून नागोजी येताना दिसला. वाट अरुंद. आज आपण बाजूला व्हायचं नाही असं ठरवून धाकू मुद्दाम मधोमध उभा राहिला. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन. नागोजी सरळ चालत आला आणि हातभर अंतरावर थबकला.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

धाकू गप्प राहिला. नागोजीने मान तिरपी केली. त्याची नजर धाकूच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी होती.

"धाकू ना? श्वास ओळखला तुझा. जरा सरक बाबा, कडेला दगड सुटे आहेत."

धाकू सरकला. नागोजी पायाने वाट चाचपत निघून गेला.

घरी येऊन त्याने आवडीला सांगितलं. ती चुलीपुढून उठली. "म्हणजे त्यांना दिसतच नाही?"

"नाही. पळणाऱ्याचे पाय ऐकून हात टाकतात ते. तीन वर्षं तरी झाली असतील. मला उगाच वाटायचं, हल्ली माझ्याकडे बघत का नाहीत."

"मग पाय न वाजवता जा. यंदा पाणी आपलं."

आवडीला त्याचा स्वभाव माहीत होता. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघून सांगा. ओलांडाल ना?"

"ओलांडीन," तो म्हणाला.

शिमग्याच्या दिवशी सगळा सडा माणसांनी भरला. दोन्ही वाड्यांच्या बायका त्या कडेला घागरी घेऊन उभ्या होत्या, कारण डाव संपला की लगेच जिंकलेल्यांनी पाणी भरायचं. वरच्या वाडीचे गडी एकेक करून बाद झाले. धाकू एकटा आठवी ओलांडून पुढे आला. समोर लोणपाटी.

नागोजी हात पसरून उभा होता. त्या वर्षी ढोल आणि आरडाओरडा नेहमीपेक्षा जास्त, एवढा होता की पायांचा आवाज कोणालाच ऐकू आला नसता. त्यात धाकूने पाय अलगद टाकले. नागोजी उजवीकडे वळला. डावी बाजू मोकळी होती. पटाच्या या मधल्या रेघेपासून त्या खाचेपर्यंत, बैल जाईल एवढी मोकळी. चार पावलांचं काम होतं.

धाकू तिथेच उभा राहिला. वरच्या वाडीचे लोक घसा फोडून ओरडत होते, पळ म्हणून. तो हलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो मोठ्याने म्हणाला, "तांडेल, मी धाकू. मी इकडे आहे."

नागोजी वळला आणि त्याचा हात धाकूच्या छातीला लागला.

त्याने असं का केलं, याची आमच्याकडे भरपूर उत्तरं आहेत. कोणी म्हणतं दया आली, कोणी म्हणतं देवाने बुद्धी दिली. माझी आजी म्हणायची, अभिमान. त्याला डोळस नागोजीला हरवायचं होतं, आणि तो मिळणार नव्हता. मला विचाराल तर माझा धाकूवर राग आहे. लहानपणापासून आहे. ही गोष्ट सांगताना दर वेळी मला वाटतं, यंदा तरी तो ओलांडेल.

ढोल थांबले. आमच्या लोकांनी धाकूला वाटेल ते बोलून घेतलं. आवडी घागर तशीच रिकामी कमरेवर धरून उभी राहिली. इकडे पाटीवर नागोजीने विचारलं, "का बोललास?"

"अकरा वर्षं तुम्हाला चुकवायला शिकलो," धाकू म्हणाला. "तुम्हाला दिसत नसताना चुकवून काय करू?"

नागोजीने पसरलेले हात खाली घेतले. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तीन शिमगे आपल्याला दिसत नाही. आपण ते लपवलं. तीन वर्षांचं पाणी बंदरवाडी फुकट प्यायली. बंदरवाडीच्या गावकऱ्यांनी त्याला गप्प करायला बघितलं, पण बोलून झालं होतं. झालं, भांडण पेटलं. आमचे म्हणू लागले, यंदाचं पाणी आमचं. त्यांचे म्हणू लागले, गडी बाद तो बाद. दोन्हीकडच्या पुरुषांनी दगड उचलले.

तेव्हा आवडी चालत मैदानात आली. बाईमाणसाने त्या दिवशी पटावर पाय ठेवायचा नसे. ती लोणपाटीवर आली आणि घागर नवऱ्याच्या आणि नागोजीच्या मधोमध ठेवली.

"यांना मनासारखं खेळायला मिळालं," ती म्हणाली. "तांडेलांनी खरं सांगून मन मोकळं केलं. उद्या सकाळी मी किती वेळ थांबायचं, तेवढं कोणीतरी सांगा."

हातातले दगड कोणी खाली टाकले नाहीत.

"खेळा तुम्ही. जन्मभर खेळा. पण आमची घागर डावावर पुन्हा लावायची नाही."

नागोजीची बायको मैना खालच्या वाडीच्या बायकांत उभी होती. ती आली आणि आपली घागर आवडीच्या घागरीला लावून ठेवली. "एक तुमची, एक आमची," ती म्हणाली. एवढंच. मग दोन्ही वाड्यांच्या बायका घागरी उचलून झऱ्यावर गेल्या आणि त्या दिवसापासून पाणी एकाआड एक भरलं जाऊ लागलं. पुरुष दगड हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले आणि मग घरी गेले, असं आजी सांगायची.

नागोजीने त्या शिमग्यानंतर पाटी सोडली. त्याच्या जागी दुसरा गडी उभा राहिला, चांगला डोळस. धाकू पुढे सहा वर्षं खेळला. प्रत्येक वेळी लोणपाटीवर पोचून नाव सांगायचा आणि प्रत्येक वेळी बाद व्हायचा. त्याच्या तोंडून 'लोण' हा शब्द गावाने कधी ऐकला नाही. आवडी त्याच्याशी बोलली ती पाऊस सुरू झाल्यावर, आणि तेही घर गळतंय एवढंच सांगायला.

आजही शिमग्याला इथे डाव होतो. लोणपाटीवर पोचलेला गडी आधी नाव सांगतो, मग पळतो, आणि बहुतेक वेळा बाद होतो. आजही या पटावर नारळसुद्धा पैजेला लावत नाहीत. मागच्या मंडळींनी टेबल मांडून त्यावर चषक ठेवला होता. आमच्या बायकांनी तो उचलून त्यांच्या गाडीत नेऊन ठेवला. आता नळ आलाय, तीन दिवसांआड येतो, आणि टाकीचं पाणी आधी कोणत्या वाडीला सोडायचं यावरून गेल्या उन्हाळ्यात दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत चांगला शिकलेला एक जण उठून म्हणाला, डाव खेळून ठरवू. मी त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पण डावी बाजू मोकळी होती, तर धाकू गेला का नाही?"

आजही सगळे तेच विचारतात. आवडीला दुसऱ्या दिवशी किती वेळ थांबावं लागलं, हे मला अजून एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.