कोरड्या पायांचा निवाडा

एका राज्यात एक तळं होतं, एवढं मोठं की पलीकडच्या काठावरचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसे. तळ्याचा काठ कुणा एकाचा नव्हता, सगळ्या गावाचा होता. तिथे बाया धुणं धूत, म्हशी डुंबत, होड्या लागत. काठाबद्दल काही ठरवायचं झालं, तर पाच पंचांनी घाटाच्या पायरीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि मगच बोलायचं, अशी तिथली रीत होती.

त्या गावात कुंभकेतू नावाचा मांत्रिक राहायला आला. त्याने पंचांपुढे मागणं घातलं, "घाटावर मला माझ्यापुरता एक धक्का बांधू द्या. होडी लावीन, चढेन, उतरेन. जमीन गावाचीच राहील."

दिवस थंडीचे होते. मांत्रिकाने पंचांना आपल्याच दिवाणखान्यात बोलावलं, गालिचे घातले, केशरी दूध दिलं.

"धक्काच मागतोय," एक पंच म्हणाले, "तळं थोडंच उचलून नेतोय?"

"पण आपण पाय पाण्यात नाही सोडले," दुसरे पुटपुटले.

"या थंडीत? तुम्ही सोडा, आम्ही बघतो!" मुख्य पंच भैरोजी म्हणाले, आणि सगळे हसले. निवाडा झाला. राजानेही शिक्का उठवला.

धक्का झाला, धक्क्याला दार झालं, दाराला कुलूप झालं. त्याच दिवशी तळ्याला शाप लागला. धक्क्यापाशी पाणी तुडुंब राही, पण दुसरं कुणी घागर घेऊन उतरलं की मागे सरे. बाई पुढे जाई, पाणी मागे जाई. होड्या चिखलात रुतल्या. घरात भरून ठेवलेल्या पाण्यावर माणसं दिवस काढू लागली.

गावात सोनकी नावाची नावाड्याची बायको होती. तिची तान्ही लेक तापाने फणफणली होती, कालपासून दूध घेत नव्हती. वैद्य राहायचा पलीकडच्या काठाला, आणि काठाकाठाने जावं तर वाटेत दलदल. लेकीला पोटाशी धरून सोनकी रुतलेल्या होडीपाशी रडत बसली. होडीवर एक पाणकावळा पंख वाळवत होता.

"रडून पाणी येत असतं, तर तळं केव्हाच भरलं असतं," पाणकावळा बोलला.

"मग कशाने येतं ते सांग," सोनकी म्हणाली.

"कोरड्या पायांनी झालेला निवाडा ओल्या पायांनीच मोडतो. तीन कामं कर. पंचांना घाटावर बसव. राजाला त्यांच्या शेजारी बसव. आणि सगळ्यांचे पाय बुडतील एवढं पाणी आण. पण एका घरचं चालायचं नाही, घराघरातलं हवं."

सोनकी उठली. भैरोजींच्या दारात गेली.

"काका, घाटावर चला. निवाडा पुन्हा करायचाय."

"अगं, झालं ते झालं. आता पुन्हा कशाला?"

"तुमच्या म्हशी कुठे डुंबतात हल्ली?"

भैरोजी काठी घेऊन उठले, बाकीच्या चौघांनाही हाका मारल्या. पहिलं काम झालं.

मग ती राजवाड्यात गेली. "महाराज, शिक्का तुमचा आहे. घाटावर येऊन बघा."

"तिथे चिखल आहे म्हणतात. जोडे खराब होतील."

"मग जोडे इथेच ठेवा, महाराज."

राजा हसला आणि अनवाणी निघाला. दुसरं काम झालं.

तिसऱ्या कामाला निघाली, तर वाटेत कुंभकेतू आडवा आला. त्याच्या हातात किल्ली होती.

"पोरी, दारोदार कशाला फिरतेस? ही घे. माझी होडी घे, लेकराला घेऊन आत्ता पलीकडे जा. सभा तेवढी होऊ देऊ नकोस."

सोनकीने किल्लीकडे पाहिलं. लेकीचा श्वास भरभर चालला होता. तिचा हात पुढे गेला, अर्ध्यावर थांबला.

"मी आज पोचेन," ती म्हणाली. "उद्या शेजारच्या कोंडाबाईचं पोर आजारी पडलं, तर तिने कुणाच्या पाया पडायचं? तुमच्या की माझ्या? ठेवा तुमची किल्ली!"

आणि ती धावतच सुटली. कुणी तांब्या दिला, कुणी वाटी. कोंडाबाई म्हणाली, "एवढंच आहे गं, डाळ शिजायचीय अजून," आणि ओतून दिलं. लेकीसाठी उकळून ठेवलेलं पाणी सोनकीने शेवटी ओतलं. घाटाच्या खोलगट पायरीत पाच पंचांचे आणि राजाचे पाय बुडाले.

"कुणाला काही म्हणायचंय?" राजाने विचारलं, आणि सगळं गाव एकदम बोलू लागलं.

"मला धक्का सभेनेच दिलाय!" कुंभकेतू ओरडला.

"दिलाय खरा," भैरोजी म्हणाले. "दूध गोड होतं, खोटं कशाला बोलू? चुकलो आम्ही."

"मोडून टाका तो धक्का!" कुणीतरी म्हणालं.

"मोडू नका," सोनकी म्हणाली. "चांगला बांधलाय. पोटुशी बाई, म्हातारं माणूस, सगळ्यांना चढायला सोपा पडेल. दार तेवढं काढा."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. "दार निघो, धक्का गावाचा होवो," पाचही जण म्हणाले. राजाने होकार दिला.

कुलूप पिकल्या पानासारखं गळून पडलं. पाणी सळसळत आलं, पायऱ्या चढलं, होड्या उचलल्या गेल्या. सोनकीने उडी मारून होडी गाठली, नवऱ्याने वल्ही मारली. वैद्याने मुळी उगाळून चाटवली आणि दिवे लागायच्या आत लेक दूध प्यायली.

कुंभकेतूची मंत्रविद्या त्या दिवशीच गेली. आता तोही त्याच धक्क्यावर होडीची वाट बघतो. पुढे घुसू लागला की बाया म्हणतात, "रांगेत या, कुंभकेतूदादा!"

तळं गावाला मिळालं, लेक सोनकीला मिळाली. तुमची-आमची लेकरंही अशीच पोटभर दूध पिऊन सुखाने निजोत.