कुलपाबाहेरचे पान

एकदा एका पूर्वेकडच्या राज्यात, जिथे हिवाळ्यात नद्यासुद्धा गोठून जातात, एक वृद्ध बखरनवीस होता. राजाच्या सिंहासनामागे बसायचे आणि राजा जे बोलेल, जे करील, ते त्याच दिवशी लिहून काढायचे, एवढेच त्याचे काम. महिनाअखेरीस ती पाने त्या महिन्याच्या पेटीत ठेवून कुलूप घालायचे आणि सूर्यास्ताला वर मोहोर करायची. ती पेटी राजाच्या मृत्यूनंतरच उघडे. जिवंतपणी राजाने त्यातले एक अक्षरही वाचायचे नाही, असा तिथला दंडक. बिचारा राजा! सगळ्या मुलुखाचा धनी, पण स्वतःविषयी काय लिहिले आहे हे विचारायची त्याला सोय नव्हती.

त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याने खोकल्यामुळे अंथरूण धरले आणि राजाच्या शिकारीबरोबर त्याचा शिष्य एकटाच गेला. शिकारीत राजाचा लाडका ससाणा जखमी होऊन गोठलेल्या नदीच्या मध्यावर पडला. राजाने घोड्यांच्या मोतद्दाराला फर्मावले, "जा, घेऊन ये."

"महाराज, बर्फ पातळ आहे," मोतद्दार म्हणाला.

"त्या पाखरापेक्षा तुझा जीव मोठा का रे?" राजा कडाडला.

मोतद्दार गेला. बर्फ फुटला, आणि तो पुन्हा वर आला नाही. बरोबरच्या सरदारांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढे चार दिवसांत आवई मात्र उठली, की तो बक्षिसाच्या आशेने आपणहून धावला होता.

महिना संपला तेव्हा म्हातारा उठून बसता झाला होता. त्याने एकेक पान वाचून पेटीत ठेवले. शिष्याचे पान हाती आले, त्यावर लिहिले होते, "मोतद्दार स्वामिभक्तीच्या भरात, कोणी न सांगता, नदीवर धावला." म्हाताऱ्याने ते दोनदा वाचले. मग पेटीला कुलूप घातले आणि ते एकच पान बाहेर, दाराजवळच्या चौरंगावर उघडे ठेवून दिले.

शिष्य गडबडला. "गुरुजी, पान बाहेर राहिलं! महाराज याच वाटेनं जातात."

"जाऊ देत की. वाचू देत."

"पण दंडक आहे ना?"

"बाळा, कुलूप कशासाठी असतं? जे वाचून राजाला झोंबेल, ते जपण्यासाठी. तुझं पान वाचून महाराज खूशच होतील. त्याला कुलूप कशाला?"

शिष्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो पुटपुटला, "मला भीती वाटली, गुरुजी."

"कोणाची? महाराज वाचणार नव्हते. असं लिही, म्हणून ते तुला म्हणालेही नव्हते. तुझी मान कोणी धरली नव्हती, तरी ती वाकली. कशी, ते मला सांग."

म्हाताऱ्याने पुढे विचारले, "पानावर ससाण्याचं नाव आहे. त्या माणसाचं नाव काय होतं?"

ते शिष्याला ठाऊक नव्हते. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

"सूर्यास्ताला अजून अवकाश आहे," एवढेच म्हातारा म्हणाला.

घोड्यांच्या पागेमागे मोतद्दाराची बायको घोड्यांच्या चंदीचे दाणे निवडत बसली होती. शिष्याला पाहून ती हात झटकत उठली. "तुम्ही लिहिणारे ना? तुम्ही तिथं होतात. लोक म्हणतात, हावेपायी मेला. तो तसा नव्हता हो! मला तरी खरं सांगा."

"आपणहून नाही गेले ते," शिष्य म्हणाला. "बर्फ पातळ आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. महाराजांनी पाठवलं."

ती मटकन खाली बसली. "म्हणजे आम्हाला टाकून नाही गेला," म्हणून ती रडू लागली. शिष्याने नाव विचारले तेव्हा तिने सांगितले, "दोलसे." तो निघाला तेव्हा ती त्याच्या पाया पडली. त्या नमस्काराने तो जितका शरमला, तितका तो गुरूपुढेही शरमला नव्हता.

परत येऊन त्याने नवे पान लिहिले. राजाचे शब्द, मोतद्दाराचे शब्द, दोलसे हे नाव, सगळे जसेच्या तसे. मग जुने पान उचलून तो शेगडीकडे वळला, तोच म्हाताऱ्याने त्याचे मनगट धरले.

"राजाची लाज आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवायची, आणि आपली मात्र शेगडीत घालायची?"

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. "गुरुजी, उद्या माझी नातवंडं वाचतील हे."

"राजाचीही वाचतील."

शिष्याने खाली बसून त्या जुन्या पानाच्या तळाशी लिहिले, "हे खोटे आहे. कोणीही सांगितले नसताना मी लिहिले." खाली आपले नाव घातले आणि शाई वाळल्यावर म्हाताऱ्याने कुलूप काढून दिलेल्या पेटीत दोन्ही पाने आपल्या हाताने ठेवली.