तुला कोणी आणलं?

“ट्रकच चालवायचा होता, तर मी हवाई दलात कशाला आलो असतो, सर?”

जाचकसर पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मान वर केली.

समोर उभा असलेला तरुण घामाघूम झाला होता. त्यानं नाव सांगितलं आणि वाकून पायाला हात लावला. वाकताना ओठ घट्ट आवळले. पाठ दुखत असावी.

“बस.”

“बसायला नाही आलो. विचारायला आलोय.”

“मग उभ्यानं विचार.”

निवृत्त विंग कमांडर रंगराव जाचक भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याच्या काठी, एका पत्र्याच्या घरात राहत. सबंध नोकरीत त्यांनी एकच काम केलं होतं. नव्या पोरांना पहिलं विमान शिकवलं. दोन खुर्च्यांचं, सावकाश उडणारं शिकाऊ विमान. पुढच्या खुर्चीत शिकणारा, मागच्या खुर्चीत जाचकसर.

समोरचा तरुण, स्क्वाड्रन लीडर सौमित्र खानविलकर, त्याच पुढच्या खुर्चीतून उठला होता आणि लढाऊ विमानात जाऊन बसला होता. त्याच्या तुकडीत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. हे त्याला माहीत होतं. इतरांनाही तो ते विसरू देत नसे.

गेल्या हिवाळ्यात सीमेवर गस्त घालताना त्याच्या विमानाच्या इंजिनाला आग लागली. इजेक्शनची खुर्ची त्याला घेऊन बाहेर उडाली. जीव वाचला, पण बरगड्या मोडल्या आणि पाठीचे मणके दबले.

मेडिकल बोर्डानं निकाल दिला. लढाऊ विमान बंद. पुन्हा तसं बाहेर उडावं लागलं, तर पाठ कायमची जाईल. वाहतुकीचं विमान मात्र चालवता येईल.

“चालवता येईल म्हणे!” हे सगळं सरांना सांगता सांगता सौमित्रचा आवाज चढला. “मेहेरबानी करतायत. मी यांना काय मागितलं होतं? मी माझं विमान मागितलं होतं!”

“तुझं?”

“ज्यात बसून मी लढायला शिकलो, ते.”

सरांनी पायाशी पडलेला एक पेरू उचलून बाजूला ठेवला.

“सर, खरं बोलू? लढाऊ विमान म्हणजेच हवाई दल. बाकी सगळी बाजारबुणगी. मागून चालायची, सामान वाहायची. तो टँकर, म्हणजे आकाशातला पेट्रोल पंप. ते रडारचं विमान पाठीवर तबकडी घेऊन दिवसभर घिरट्या घालतं, आतले लोक पडद्याकडे बघत बसतात. हेलिकॉप्टर म्हणजे रिक्षा. ड्रोनमध्ये तर माणूससुद्धा नाही! आणि आता मी काय करायचं? पिठाची पोती घेऊन डोंगर चढायचे?”

“एक राहिलं.”

“काय?”

“शिकाऊ विमान. ते तू मोजलं नाहीस.”

सौमित्रचा चेहरा उतरला.

“सर... तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“म्हण की. मी त्यातच म्हातारा झालो.”

सर उठून आत गेले. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं ते चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि त्याच्या हातात दिला. स्वतःसाठी आणला नाही.

“त्या दिवशीचं सांग.”

“कोणत्या?”

“पडलास त्या दिवशीचं.”

सौमित्र आता बसला. हे सांगायला त्याला आवडत असे. गेल्या काही महिन्यांत त्यानं ते पुष्कळांना सांगितलं होतं.

“सकाळपासून वर होतो. खाली सगळं बर्फ. पलीकडची दोन विमानं आमच्या हद्दीच्या अगदी...”

“सकाळपासून? इतकं इंधन मावतं तुझ्या विमानात?”

“नाही. हवेतच भरून घेतलं. दोनदा.”

“कोणाकडून?”

“टँकरकडून.”

“टँकर विमानाचं नाव झालं. मी माणूस विचारतोय.”

“...ते नाही माहीत.”

“बरं. पुढं?”

“आगीचा दिवा लागला. धूर आला. रेडिओवर रडारच्या विमानातली बाई बोलत होती. आवाज अगदी शांत. म्हणाली, बाहेर पडा, पडद्यावर तुमची जागा मी धरून ठेवलीय.”

“धरून ठेवलीय म्हणाली?”

“हो.”

“कोण होती?”

सौमित्रनं चहाचा घोट घेतला.

“सर, त्या वेळी नाव विचारत बसणार का कोणी?”

“त्या वेळी नाही. पुढं?”

“बर्फात पडलो. पॅराशूट खडकाला अडकलं होतं. नंतर मला शुद्ध नव्हती. ढग खाली आले होते, कोणाला काही दिसत नव्हतं. पण ड्रोननं शोधलं. अंगातली ऊब दिसते त्याला.”

“ड्रोनला डोळे आहेत. नजर कोणाची होती?”

सौमित्रनं कप दुसऱ्या हातात घेतला.

“कोणीतरी कुठंतरी एका खोलीत बसला असेल ना? पांढऱ्या पडद्यावर तुझ्याएवढा एक ठिपका शोधत?”

“असेल.”

“मग उचललं कोणी?”

“हेलिकॉप्टरनं. टेकायला जागाच नव्हती म्हणे. एक चाक खडकाला लावून धरलं आणि मला आत ओढलं.”

“म्हणे?”

“मला नंतर सांगितलं.”

“कोणी सांगितलं?”

“इस्पितळात... कोणीतरी.”

पलीकडे पाण्यावर मासे पकडणाऱ्या होड्या हलत होत्या. सर तिकडं बघत होते.

“आणि तिथल्या डोंगरातून मोठ्या इस्पितळापर्यंत? चालत गेलास?”

सौमित्र कपाची कड अंगठ्यानं पुसू लागला.

“कसा गेलास?”

“वाहतुकीच्या विमानातून.”

ते त्यानं इतकं हळू म्हटलं, की सरांना कानामागं हात लावावा लागला.

“मोठ्यानं बोल.”

“वाहतुकीच्या विमानातून, सर.”

“पिठाच्या पोत्यांशेजारी?”

“हो.”

“कोण चालवत होतं?”

सौमित्रनं मान खाली घातली.

जाचकसर खुर्चीतून उठले. त्यांच्या पोरांनी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. विमान जमिनीवर आपटता आपटता राहिलं, तरी मागच्या खुर्चीतून ‘पुन्हा’ एवढाच शब्द यायचा.

त्यांनी सौमित्रच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि चहा झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकला.

“माझं विमान, माझा मणका, माझं आकाश! आल्यापासून दुसरा शब्द नाही तोंडात. अरे, जवळजवळ मेला होतास तू. इतक्या माणसांनी तुला हातोहात झेलून आणलं, आणि तुला त्यातल्या एकाचं नाव ठाऊक नाही? बाजारबुणगी म्हणतोस त्यांना? लाज नाही वाटत?”

“सर, माझं ऐकून तरी...”

“ऐकलं. पुष्कळ ऐकलं. ऊठ.”

“सर...”

“नावं घेऊन ये. नाही मिळाली तर येऊ नकोस.”

सौमित्रनं गाडीत बसून दार आपटलं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय. दुःख सांगायला गेलो, तर दारातून हाकलला. ज्याला आयुष्यात कधी लढाऊ विमान मिळालं नाही, त्याला ते हातातून जाणं काय कळणार? पुण्याला पोचेपर्यंत तो हेच बोलत होता. नोकरी सोडायची, हे त्यानं वाटेतच पक्कं केलं.

पण रात्रभर एकच प्रश्न टोचत राहिला. मला खरंच एकही नाव कसं ठाऊक नाही?

सकाळी त्यानं पहिला फोन लावला.

हेलिकॉप्टरचा वैमानिक कुरियन नावाचा निघाला. आता तो दक्षिणेत होता. सौमित्रनं ओळख सांगितली, तारीख सांगितली. 

“खडकावर चाक टेकलं होतं तो? का ओढ्यातला?”

“खडकावरचा.”

“त्या आठवड्यात बरेच होते, यार. हिमकडा कोसळला होता ना, जवान अडकले होते. बरा आहेस ना? चल, मग बोलू.”

फोन बंद.

ड्रोनवाल्यांच्या तुकडीतून उत्तर आलं, की ते पाळ्यांनी बसतात. त्या दिवशी पाळी संपल्यावरही एक जण खुर्चीवरून उठला नव्हता, एवढं तिथल्या अधिकाऱ्याला आठवत होतं. तो राघवेंद्र असावा. की मोईन? नक्की सांगता येत नव्हतं. रडारच्या विमानातली बाई अमृता सेन. टँकरचा कप्तान निवृत्त होऊन गावी गेला होता.

वाहतुकीच्या विमानाची कप्तान होती विंग कमांडर गुरलीन. तिचा तळ गाडीनं जाण्यासारखा होता. सौमित्र साध्या कपड्यांत तिथं जाऊन उभा राहिला.

विमानाचं मागचं दार जमिनीपर्यंत उघडं होतं. आत भाजीच्या जाळ्या, औषधांच्या पेट्या, रॉकेलची पिंपं चढत होती. सुट्टी संपवून परत निघालेले जवान ट्रंकांवर बसून होते. गुरलीन दाराशी उभी राहून सामान कुठं ठेवायचं ते सांगत होती. नजर सामानावरून ढळत नव्हती.

“मॅडम, गेल्या हिवाळ्यात तुम्ही एका जखमी वैमानिकाला घेऊन आला होतात.”

“जखमी नेहमीच असतात. कोणता?”

“बरगडी फुप्फुसात शिरली होती त्याच्या.”

“हां, तो!” ती हिंदीतून भराभरा सांगू लागली. “डॉक्टर म्हणाले, उंच नेलं तर त्याचा श्वास बंद पडेल. डोंगर ओलांडले की जितकं खाली येता येईल तितकं या. आणि खाली वादळ! वरून गेलो असतो तर मऊ दुलईतून गेल्यासारखे गेलो असतो. शेवटी घातलं विमान वादळात. सगळे ओकत होते. माझा लोडमास्टर, विमानातलं सामान लावणारा, सबंध वाट जमिनीवर गुडघे टेकून त्याचं स्ट्रेचर धरून होता, धक्का लागू नये म्हणून. हात सोलून निघाले त्याचे.”

ती क्षणभर थांबली. मग पहिल्यांदाच सौमित्रकडे वळली.

“वाचला का तो?”

सौमित्रनं तोंड उघडलं. काही आलं नाही.

“आम्हाला उतरवून लगेच परत जायचं होतं. नंतर कोणी काही कळवलंच नाही. वाचला का?”

“...वाचला.”

“छान.” आणि ती मागं वळून ओरडली, “ती पेटी डाव्या बाजूला!”

चार दिवसांनी सौमित्र भिगवणला आला. जाचकसर अंगणात पेरू निवडत होते. त्यांनी बस म्हटलं नाही. तो मातीतच बसला.

त्यानं नावं सांगितली. राघवेंद्र की मोईन हे नक्की नाही, हेही सांगितलं. सर ऐकत राहिले. मग त्यानं गुरलीनचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज पुन्हा चढला.

“मी समोर उभा होतो, सर! हातभर अंतरावर! आणि ती मलाच विचारते, वाचला का तो! वादळात विमान घातलं ज्याच्यासाठी, त्याचा चेहरासुद्धा लक्षात नाही? तो कुरियन विचारतो, खडकावरचा का ओढ्यातला? म्हणजे मी कोण? माझा जीव गेला असता त्या दिवशी! इतकं करून विसरतात कसे हे लोक?”

 डोळ्यांत राग होता आणि पाणीही.

“तिला सांगितलंस, तो मी म्हणून?”

“नाही.”

“का?”

“तिचं विमान सुटायचं होतं. वर डोंगरात वाट बघणारे असतील...”

वाक्य अर्धवट राहिलं. सरांनी हातातला पेरू टोपलीत ठेवला.

सौमित्रनं बाहीनं तोंड पुसलं.

“पुढच्या सोमवारी रुजू होतोय,” तो म्हणाला. अजून रागातच होता. “तिथंच. वाहतुकीला.”

सरांनी नुसतं “हं” म्हटलं.

ते पुन्हा पेरू निवडू लागले. पाण्यावरून वारा आला. शेवटी सौमित्रनं हळूच विचारलं.

“सर... तुमच्या हाताखालून शेकड्यांनी पोरं गेली. मी आठवतो ना तुम्हाला? माझं पहिलं एकट्याचं उड्डाण? वारा आडवा होता. तुम्ही धावपट्टीच्या कडेला उभे होतात.”

जाचकसरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. कपाळ, डोळे, हनुवटी...

“नाही रे,” ते म्हणाले. “सुखरूप उतरला होतास ना?”