उपाशी उशी

एका गावात होती एक येसू. त्या गावात राजा होता, राणी होती, एक हत्तीही होता. पण गोष्ट येसूची आहे. राजे-राण्या काय, सगळ्याच गोष्टींत घुसून बसतात. त्यांना लागेल तेवढीच जागा द्यायची. पाय पोटाशी घे रे, गार लागेल. हां.

तर ही येसू राहायची तिच्या ठकूआत्याजवळ. येसूची आई फार लवकर गेली. इतक्या लवकर, की येसूला आईचा चेहराही आठवत नव्हता. ठकूआत्या म्हातारी, तिचे डोळे गेलेले. घरात एक चूल, एक खाष्ट कोंबडी आणि एक गोधडी.

आता म्हणाल, गोधडीचं काय एवढं कौतुक? तर त्या गावात गोधड्या बोलायच्या, बरं का. ज्याच्या कपड्याचं ठिगळ, त्याचा आवाज. ठिगळावरून बोट फिरवायचं, की ते बोलायचं. माणूस गेलं तरी त्याचा आवाज घरात राहायचा.

येसूच्या गोधडीच्या कडेला आजोबांच्या लाल फेट्याचं ठिगळ होतं. त्याला हात लागला की ते खाकरायचं आणि म्हणायचं, "रामराम पाव्हणं! बसा, पाणी घ्या." दुसरं ठिगळ ठकूआत्याच्या लग्नातल्या शालूचं. ते नव्या नवरीसारखं लाजत उखाणा घ्यायचं, "सुईमागं दोरा, दोऱ्याला गाठ, भिवाजीरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट." आत्या ऐकायची आणि म्हणायची, "बघा कशी नाचतेय मेली! तेव्हा दात होते ना तोंडात."

आणि मधोमध होतं आईच्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ. ते हळूच म्हणायचं, "जेवलीस का गं, येसू? मग झोप. मी आहे हितं."

एवढंच. पण आईचं म्हणून येसूजवळ एवढंच होतं.

मग अशा गोधड्या बोलत्या ठेवायच्या कशा? त्याची एक रीत होती. तीन कोपरे शिवून झाले, की चौथा कोपरा मिटायच्या आधी आत भाकरीचा एक तुकडा ठेवायचा आणि मग शेवटचा टाका घालायचा. शिवलेल्या वस्तूचं पोट रिकामं ठेवायचं नाही. गोधडी असो, बाळाचं दुपटं असो, नाहीतर साधी सुपारीची चंची असो. पोट भरलेलं असलं की वस्तू बोलते. येसूला हे आत्यानं सुई धरायला शिकवली तेव्हाच शिकवलं होतं. तिला माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नका.

येसूच्या हातात मोठी कला होती. लोक ज्या चिंध्या टाकून देत, त्यांतून ती काय काय करायची. एकदा तिनं एक बटवा केला. सोपा असतो हो बटवा. ताटलीएवढं गोल कापड कापायचं, कडेनं दुमड घालायची, दुमडीतून समोरासमोर दोन नाड्या ओवायच्या आणि नाड्यांच्या टोकांना गोंडे लावायचे. दोन्ही नाड्या ओढल्या की तोंड मिटलं. येसूला वाटलं, याला एखादा लाल तुकडा हवा. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि गोधडीच्या कडेचं आजोबांचं ठिगळ उसवलं.

"येसे, काय कापतेस?" आत्यानं विचारलं.

"काही नाही, आत्या. कडेचंच आहे."

"कडेचं म्हणजे फालतू होय गं? मी पण कडेलाच बसते."

येसू हसली. दुमडीत भाकरीचा तुकडा ठेवून तिनं शेवटचा टाका घातला. बटवा झाला. तो कमरेला खोचून ती बाजारात गेली. तिथं राणीची खास बाई, मैनाबाई, बांगड्या बघत होती. तिनं बटव्याला हात लावला. बटवा म्हणाला, "रामराम पाव्हणं! बसा, पाणी घ्या."

मैनाबाईनं तो नेला की थेट वाड्यावर. राणीला असा आनंद झाला! दिवसभर उघड-मीट, उघड-मीट. रामराम, रामराम. एका म्हाताऱ्या माणसाला कुणी इतकं राबवतं का? पण राणीला काय त्याचं.

मग मैनाबाई येसूच्या दारात आली. म्हणाली, "येसू, राणीसरकार खूश आहेत. आता दरबाराच्या दाराला तोरण हवंय. बोलकं. आणि हे बघ, त्या बटव्यात काहीतरी टणक लागत होतं. उकरून बघितलं तर शिळी भाकरी! शी! मी फेकून दिली. वाड्यात मुंग्या झाल्या तर माझं डोकं जाईल. या वेळी अत्तराचा फाया ठेव."

येसूनं सांगायला हवं होतं. 'बाईसाहेब, तसं चालत नाही' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण मैनाबाईच्या मागं पालखी उभी होती, बरं का, आणि सगळी आळी दारात येऊन बघत होती. येसू म्हणाली, "बरं, बाईसाहेब."

तिनं खणाचे चौकोन कापले. चौकोन दुमडला की त्रिकोण होतो. असे त्रिकोण एका पट्टीवर ओळीनं टाचायचे आणि प्रत्येकाच्या टोकाला एक मणी. झालं तोरण. मधल्या त्रिकोणासाठी तिनं आत्याच्या शालूचं ठिगळ काढलं. पोटात भाकरी नाही. अत्तराचा फाया. आता मला सांगा, अत्तरानं कुणाचं पोट भरतं?

आत्याला वास आला. ती म्हणाली, "माझ्या लग्नाला अत्तर नव्हतं गं."

येसू तोरण घेऊन वाड्यावर गेली. दाराला बांधलं. तोरणानं उखाणा घेतला आणि सगळा दरबार खो-खो हसला. कुणीतरी ओरडलं, "परत घे! परत घे!" नवरीनं परत घेतला. येसूनं मान खाली घातली. खाली बघताना तिला राणीच्या हातातला बटवा दिसला. त्याचं तोंड उघडत होतं. पण आतून नुसतं "रा... रा..." येत होतं. पुढचा 'म' निघत नव्हता.

येसूनं ते ऐकलं. ऐकलं आणि गप्प राहिली.

मग तिसरी वेळ आली. जागी आहेस ना गं? ऐक. हीच तर खरी गोष्ट आहे.

राणीला झोप येत नव्हती. मऊ गादी, वर रेशमी मच्छरदाणी, तरी झोप येईना. राणीनं येसूला बोलावून घेतलं. म्हणाली, "मला उशी हवी. उशी माझ्याशी मायेनं बोलली पाहिजे. तुझ्याकडे तसं ठिगळ आहे, असं मैनाबाईला तुझ्या आळीतल्या बायकांनी सांगितलं. ते लाव. मग तू वाड्याची शिंपीण. रोज पालखीतून येशील."

येसू घरी आली. गोधडी पुढ्यात घेऊन बसली. हिरव्या ठिगळावर बोट ठेवलं. "जेवलीस का गं, येसू?"

"हो, आई," येसू म्हणाली. ती जेवलेली नव्हती.

आत्या चुलीजवळून म्हणाली, "फेटा गेला, शालू गेला. आता तिथं हात लावू नकोस, पोरी. हात जोडते तुला."

"आत्या, अगं आई जन्मभर चुलीपुढं बसली. आता वाड्यात राहील. रेशमावर. आणि मी तिथंच असेन की. रोज भेटेन."

"तिनं सांगितलं का तुला, मला वाड्यात ने म्हणून?"

येसूनं उत्तर दिलं नाही. माणसाला चूक करायची असली, की ते उत्तर देत नाही. कामाला लागतं.

तिनं हिरवं ठिगळ उसवलं. गोधडीच्या मधोमध भोक पडलं. तिनं कापडाचे दोन चौकोन घेतले, उलट्या बाजूनं तीन कडा शिवल्या, सुलट केलं, सावरीचा मऊ कापूस भरला. वर मधोमध आईचं ठिगळ टाचलं. राणीची उशी, म्हणून टाके असे बारीक घातले, असे बारीक, की डोळ्याला दिसू नयेत. इतकं सुंदर काम तिनं जन्मात केलं नव्हतं. चौथी कड मिटायच्या आधी तिचा हात थांबला. टोपलीत भाकरी होती. हात भाकरीकडं गेला. मग मैनाबाईच्या मुंग्या आठवल्या आणि हात परत आला. तिनं अत्तराचा फाया ठेवला आणि शेवटचा टाका घातला.

उशी द्यायला ती वाड्यावर गेली. दारावर तोरण होतं. वाऱ्यानं मणी हलत होते, पण उखाणा नव्हता. आता मात्र येसूला सगळं कळलं. उशी परत न्यावी, पळत सुटावं, असं वाटलं. आणि तेवढ्यात राणी म्हणाली, "वा!"

त्या एका 'वा'साठी येसूनं उशी दिली.

राणी झोपली हो छान. उशी म्हणायची, "जेवलीस का गं, येसू? मग झोप." राणी म्हणायची, "ही येसू येसू काय करते? माझं नाव घ्यायला सांगा." पण आई दुसऱ्या कुणाचं नाव कसं घेईल? मग राणी रुसली. तेवढ्यात आरशांच्या उशांची टूम निघाली. आरशात राणीला राणीच दिसायची, ते तिला आवडलं. बटवा, तोरण, उशी, सगळं गेलं अडगळीत. पालखी यायची थांबली. येसू वाड्यावर गेली तर पहारेकऱ्यानं विचारलं, "कोण येसू?"

इकडं घरात गोधडी गार पडली. मधल्या भोकातून वारा यायचा. आत्या कुडकुडायची, पण चकार शब्द बोलायची नाही. ती एकदा जरी रागावली असती, तरी येसूला बरं वाटलं असतं.

मग एके दिवशी येसूनं ज्वारीची भाकरी भाजली. पदरात बांधली. ती वाड्याच्या मागच्या दारानं गेली. तिथं केर टाकणारी बाई होती. येसू म्हणाली, "माझी आई आत राहिलीय." त्या बाईनं काही विचारलं नाही. बाजूला झाली. मागच्या दाराची माणसं बरी असतात, बरं का.

अडगळीच्या खोलीत येसूला आधी बटवा सापडला. मग तोरण सापडलं. मग मोडक्या पाळण्याखाली उशी सापडली. तिनं हिरव्या ठिगळावर बोट ठेवलं. काही नाही. कान लावला. लांबून, अगदी लांबून यावा तसा आवाज आला.

"जेवलीस का गं..."

स्वतः उपाशी होती ती. कधीची उपाशी होती. आणि विचारत काय होती?

"आई, तू आधी खा!" येसूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि उशीची कड उसवायला लागली. पण टाके! ते तिचेच बारीक टाके! नखात येईनात, सुईला सापडेनात. एक उसवावा तर पुढचा त्याहून बारीक. रोजचे आपले घरगुती टाके असते, तर एका झटक्यात उसवले असते. तिनं दातांनी तोडले. शेवटी कड उघडली, तिनं अत्तराचा फाया फेकला, तुकडा आत सारला आणि पुन्हा कान लावला.

कापूस होता. कापड होतं. आवाज नव्हता.

येसू तिघांना पदरात घालून घरी आली. आत्यानं विचारलं, "आणलंस?" येसूनं ठिगळं तिच्या मांडीवर ठेवली आणि रडली. खूप रडली. आत्यानं रडू दिलं.

मग दोघींनी मिळून ठिगळं जागच्या जागी लावली. मोठे टाके, धावदोरा. कोपऱ्यात भाकरी ठेवली. काही दिवसांनी फेटा खाकरला, म्हणाला, "रामराम." शालूनं उखाणा घेतला, पण भिवाजीरावांचं नाव तो विसरला होता. आत्या म्हणाली, "असू दे. मला माहीत आहे." हिरवं ठिगळ मात्र बोललं नाही. पुढं कधीच बोललं नाही. येसू रोज बोट ठेवायची. रोज.

एका संध्याकाळी येसू अशीच बसलेली. आत्यानं चाचपत तिचा हात धरला आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जेवलीस का गं, येसू?" आवाज आईचा नव्हता. शब्द तेच होते. येसू म्हणाली, "नाही, आत्या." या वेळी खरं सांगितलं. मग दोघी जेवल्या.

राणीचं काय झालं? काही नाही झालं. अशांना काही होत नसतं. मजेत राहिली.

येसूनं पुढं गावातल्या पोरींना शिवण शिकवलं. बटवे करा, तोरणं करा, उशा करा, पडद्यांना झालरी लावा, हवं ते करा, ती म्हणायची. फक्त पोट भरा. आणि कुणी 'मुंग्या होतील' म्हणालं तर म्हणा, होऊ देत. मुंग्यांनाही पोट आहे.

तिचं लग्न झालं, लेकरं झाली, सगळी सुखानं राहिली. येसू म्हातारी होऊन गेली, तेव्हा लेकीनं तिच्या निळ्या लुगड्याचं ठिगळ गोधडीत लावलं. हिरव्याच्या शेजारी. लेकीनं त्यावर बोट ठेवलं. ठिगळ काय बोललं असेल?

तुम्हीच सांगा. नाही, मुसमुसायचं नाही आता. या गोधडीचा हा कोपरा चाचपून बघा. टणक लागतंय ना? उकरायचं नाही. ते तिचं जेवण आहे.

जेवलात ना पोटभर? मग झोपा. मी आहे हितं.